आधी बैल की आधी मेंढी

(जवळा बाजारची चावडी, १९४८ चा भाद्रपद. निजामाचा अमीन, म्हणजे फौजदार, पळून गेला आहे, नवा तहसीलदार अजून पोचायचा आहे. मधल्या काळापुरतं गावानं संपतरावांना सरकार म्हणून खुर्चीवर बसवलं आहे. समोर उकंडराव पाटील आणि धनगराची गोजरबाई. चावडीला लागूनच कोंडवाडा.)

उकंडराव : ...म्हणून म्या हिची मेंढरं कोंडवाड्यात घातली. बैलांच्या आधी गायरानात शिरून राहिली होती. गावचा दस्तूर हाय, आधी बैल, मग मेंढरं.

संपतराव : पण दस्तूर कशावरून, पाटील?

उकंडराव : जगाच्या सुरुवातीवरून! महादेवानं आधी नंदी केला. देवाला बसायला काहीतरी लागणारच की. बाकीची जनावरं मग सवडीनं केली.

गोजरबाई : आन कैलासावर थंडी वाजली तवा देवानं काय पांघरलं? बैलाचं शेपूट? आधी मेंढी, मग घोंगडं, मग हे बाकीचं जग. आमच्यातल्या शेंबड्या लेकराला इचारा!

उकंडराव : बाई, जरा औंढ्याला नागनाथाच्या देवळात जाऊन नंदी बघ...

गोजरबाई : बघितलाय! देवळाच्या मागं बसलाय. मागून आला म्हणून मागं!

उकंडराव : संपतराव! ऐकून राहिले ना? माझाच दाखला माझ्यावर उलटवून राहिली ही!

संपतराव : ऐकतोय, पाटील. अंगावर काटा आलाय माझ्या. असा खटला नव्या राज्यापुढं इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. आजवर राजाचा देव तोच दरबाराचा देव. आपलं राज्य कोरं आहे. त्यात सरकारला धर्म नाही, आणि जग कसं झालं यावर सरकारला मतही नाही!

गोजरबाई : मेंढरं तहानलीत, दादा. सकाळधरनं थेंब न्हाई. दोघी तर गाभण हायेत.

उकंडराव : मत न्हाई म्हंजी? हैद्राबादच्या कालेजात इतकी सालं काढली, तिथं काय शिकवलं मग? आधी कोण?

संपतराव : मासा.

उकंडराव : मासा?

गोजरबाई : गायरानात?

संपतराव : हे संपतरावाचं मत. म्हणून खुर्चीवरून उठून सांगितलं. आता बसलो. आता सरकारला मासाही माहीत नाही.

उकंडराव : मग निजाम गेला तवा लोकांनी गुलाल कशाला उधळला हो? आमाला वाटलं, आता आपला देव सरकारात जाईल.

संपतराव : आपला म्हणजे कोणता, पाटील? नंदीवाला की घोंगडीवाला? एकाला आत घेतलं की दुसरा दाराबाहेर. काल आपण बाहेर होतो. कसं वाटायचं?

उकंडराव : तकलीफ व्हायची.

संपतराव : तीच आता गोजरबाईंना द्यायची?

उकंडराव : थोडी.

गोजरबाई : आयकलं का!

उकंडराव : बरं, तंटा मिटवतो. गावात दवंडी द्या, सरकारच्या मते बैल आधी. दवंडी झाली की कोंडवाड्याची ही किल्ली तुमच्या हातात.

गोजरबाई : द्या दादा, दवंडी द्या! बैल आधी म्हणा, म्हैस म्हणा, कोंबडी म्हणा! माझी मेंढरं सुटू द्या. घरी गेल्यावर आमची मेंढी पुन्हा आधी व्हईल.

संपतराव : नाही देणार.

गोजरबाई : काहून? तुमच्या बापाचं काय जाऊन राहिलं? मरतील ती!

संपतराव : आज बैलाची दिली तर उद्या कुणीतरी माणसांची मागेल. कोणता माणूस आधी घडवला, कोणता मागून. मग विहिरीवर आधी कुणी जायचं तेही त्यातूनच निघेल.

गोजरबाई : ते आत्ताबी निघतंय.

संपतराव : म्हणूनच.

उकंडराव : मग किल्लीबी न्हाई. कमरेला हाय, कमरेलाच राहील.

संपतराव : राहू द्या. कोंडवाडा कुणाचा, पाटील?

उकंडराव : सरकारी.

संपतराव : आणि कुलूप?

उकंडराव : तेबी सरकारीच. अमीनसाहेब माझ्यावर सोपवून... म्हंजी, टाकून गेला.

संपतराव : गोजरबाई, कुऱ्हाड आहे का?

गोजरबाई : हाय की! पाला तोडायची! ही घ्या! चला, चला!

उकंडराव : ओ, ओ, संपतराव! सरकारानंच सरकारचं कुलूप फोडायचं?

संपतराव : या सरकारचं पहिलंच काम आहे, पाटील. नीट होईल असं नाही. जरा लांब उभे राहा.

गोजरबाई : उलटी धरली हो! पातं तिकडं करा!

उकंडराव : थांबा! पाय तुटंल सरकारचा! घ्या, घ्या ही किल्ली! कुलूप चांगलं हाय, गावाला लागंल. पण मी हारलो न्हाई, बराबर?

संपतराव : बराबर. सरकारनं तुम्हाला हरवलं नाही.

गोजरबाई : म्हंजी मीबी जितले न्हाई?

संपतराव : नाही. उद्यापासून बैल ओढ्याकडून शिरतील, मेंढरं टेकडीकडून. एकाच वेळी. गवत दोघांना पुरेल.

उकंडराव : आन महादेवानं आधी...

संपतराव : ते तुम्ही घरी सांगा, पाटील. अगदी मोठ्यानं सांगा. सरकार आड येणार नाही. गोजरबाई, उघडा दार!

गोजरबाई : हुर्रर्र! या गं बायांनो, या! बघा, बघा कशा पळून राहिल्या! हौदाकडं निघाल्या सगळ्या!

उकंडराव : अरे, हौदावर माझे बैल येऊन राहिले! हे गडी सोडून कुठं गेले? भिडली की सगळी एका जागी! धुळीत मला तर काहीच दिसंना... संपतराव, तुमी म्होरं होता. खरं सांगा, पाण्याला तोंड आधी कुणी लावलं?

संपतराव : मी कुलूप कडीत अडकवत होतो, पाटील. बघितलं नाही.