जित्या मानसाची तेरवी

मी दिघोरीची लेक, आसगावात देली. दोन्हीकडे धानच अन् दोन्हीकडे तलावच, म्हनून लगन झालं तरी मले काही परकं वाटलं नाही, दिघोरीत बी वाकून धानाचा रोवना केला अन् आसगावात बी वाकूनच. सासू बोलाले तिखट होती, पन मी बी काही कमी नव्हती. नवरा तेवढा गरीब सोभावाचा. संजूचा बाप म्हनतो मी त्याले, म्हनजे म्हनत होती, आता म्हनता येत नाही, काहून नाही ते सांगतो.

त्याले पयलेपासून देवाचा नाद. धान कापून झाला का या पहाडावर, आता मी राहातो त्याच मठात, येऊन बसे अन् चुरन्याच्या, म्हनजे मळनीच्या वक्ती घरी परत येई. तुमसरच्या पुढे मोटार जिथं संपते तिथून पाई चढाचं, मधात सारं मोहाचं जंगल, फुलं पडली का अस्वलं येतात. वर मठात कोनी कोनाशी बोलत नाही, दिवसातून एकदा जेवन, बाकी नामस्मरन. ते त्याले लय आवडे. घरी मी एवढी बोलतो ना, त्याच्यानं बी आवडत असन! हासा, हासा. मी बी हासतच होती. मंग एका साली धान चुरून कोठीत गेला तरी हा काही उतरला नाही. निरोप आला, मी आता कायमचा राहातो.

इथचा रिवाज असा आहे का ज्याले कायमचं राहाचं त्यानं आधी मराचं. म्हनजे खरंच नाही, पन तेरवी मात्र खरी. घरच्यायनं, सोयऱ्यायनं वर याचं, पोरानं डोकं भादराचं, पिंड पाडाचे, बायकोनं झऱ्यावर बांगड्या फोडाच्या, अन् मंग जेवन, अन् ते जेवन त्याच मानसानं आपल्या हातानं वाढाचं. वाढलं का खालचं सारं नातं फिटलं. मी म्हटलं, संजूच्या बापा, हे काय खूळ काढलं, रा ना इथं असाच, कोन नाही म्हनते तुले. तो म्हने, अर्धा इकडे अर्धा तिकडे मले जमत नाही. काय सांगू तुम्हाले, पत्रावळीवर वरन वाढत वाढत माह्यापाशी आला तं अर्धं बाहेरच सांडलं. अन् मी जेवली. सकाळपासून चढून आली होती, भूक लागली होती, जेवली. जिता नवरा वाढून राहिला अन् मी त्याच्याच तेरवीचं जेवून राहिली. राग आला होता मले, लय राग, तो राग अजून बी गेला नाही पोटातून.

गावात मंग मी विधवाच. कोनाच्या घरी हळद असो, बारसं असो, मले मांगंच बसवत. मी म्हनो, अवं बायांनो, तो जिता आहे, परवाच कोनी पाहून आलं त्याले, ताक पेऊन राहिला होता म्हनते. बाया म्हनत, वैनी, तेरवी जेवलो ना आपन. मी मांगंच जाऊन बसो. असे किती साल गेले, संजूचं लगन झालं, नात झाली, ती नात लगनाची झाली.

मांगच्या पावसाळ्यात वरून निरोप आला का त्याले लकवा मारला, डावी बाजू गेली, घेऊन जा. इथचा दुसरा कायदा, जो आपल्या पायानं पंगतीले येत नाही त्याले इथं ठेवत नाहीत. मी अन् संजू गेलो, खाटेवर घालून उतरवलं, भंडाऱ्याले दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर चांगला होता, म्हने, माय, दवाईनं होईन तेवढं झालं, आता घरी न्या अन् सेवा करा.

घरी न्या. निघालो ना मंग आटोत टाकून. आसगावच्या तलावापाशी आलो तं पाळीवर भासरे उभे, म्हनजे त्याचा मोठा भाऊ, गावातले चार मानसं, अन् मांगं माही सून. आटो थांबवला. भासरे म्हने, संजूची माय, याले आत कसं नेता? अन् संजू, जो माह्यासंगं दवाखान्यात रातभर बसला, तो बी खाली उतरला अन् रडाले लागला. माय, मी माह्या हातानं पिंड पाडलो याचे, कावळा शिवला, मी डोळ्यानं पाहिलो, आता याले घरात घेतलो तं पोरीची सोयरीक कोन करन? लोक म्हनतीन, यायच्या घरी मेलेला मानूस राहाते. भासरे म्हने, गोठ्यात ठेवू. सून म्हने, सकाळी शेन काढाले मीच जातो गोठ्यात, मले भेव लागते. कोनी वाईट नव्हतं हो. सारेच भेले होते. अन् हा आटोत पडल्या पडल्या चांगल्या हातानं दांडी धरून आपल्या धानाच्या बांध्या पाहून राहिला, रोवन्याचे पऱ्हे हिरवेगार झाले होते. जीभ गेली होती त्याची, पन एक शब्द मात्र साफ आला. घरी.

मी आटोवाल्याले म्हटलं, फिरव बापा.

त्याले खाटेवर घालून परत पहाडावर आनलं अन् इथच्या मठाच्या महाराजाले म्हटलं, तुमची रांधनारी बाई गेली म्हनतात, मी रांधतो, याले चुलीमांगच्या लाकडाच्या खोलीत पडू द्या, कायदा तुमचा वर मठात राहू द्या, हे रांधनघर तं खालीच आहे. महाराज म्हने, राहू दे, पन इथं तो तुहा कोनी नाही अन् तू त्याची कोनी नाही. बाबाजी म्हनाचं, साऱ्यायले म्हनतात तसं.

आता असा दिवस जाते पाहा. उजेडाच्या आधी घंटी होते, मी चूल पेटवतो. तुमसरच्या मिलातून दानाची कनी येते, तिचा भात, वरन, कधी नुसती आंबील. बाहेर वांदरं बसून राहातात, ते तेवढे बोलतात, बाकी कोनी नाही. नागपूरकडचे लोक शिबिराले येतात, डोळे मिटून बसतात, जातानी म्हनतात, मावशी, किती शांती आहे इथं. मी म्हनतो, हो बापा. पंगत उठली का मी त्याले चारतो, पुसतो, कूस बदलून देतो. आ करा बाबाजी, म्हनतो. लगनाचा नवरा अन् बाबाजी! कोनी नसलं का हळूच म्हनतो, संजूच्या बापा, घे एक घास. तो मले पाहाते अन् म्हनते, घरी? मी म्हनतो, रोवना होऊ दे, मंग जाऊ. रोवना झाला, कापनी झाली, मी तेच म्हनतो, त्याले काय समजते.

संजू येते कधी, खालच्या दगडावर बसते, बापाच्या अंगावर घालाले धोतर देऊन जाते. नातीची सोयरीक झाली, चांगलं झालं, सुखी राहो पोरगी. मी लगनाले गेली नाही. गेली असती तं याले पानी कोन पाजलं असतं?

देवापाशी बाया काय मांगतात, तुम्हाले मालूम आहे, नवऱ्याच्या आधी ने, कपाळाच्या कुंकवानं ने. मी उलटं मांगतो. देवा, याले पयले ने. हा मरन तवा इथं कोनी रडनार नाही, इथं रडत नाहीत. अन् खाली गावात सांगतलं तं म्हनतीन, तो तं कवाचाच मेला, त्याची तेरवी आम्ही जेवलो. रडाले मी एकटीच आहे. तेवढ्यासाठी मले मांगं ठेव, म्हनतो.