बाईंनी नाकारलेली पिशवी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या प्रयोगशाळाप्रमुख बाई, त्यांचे कुटुंबीय आणि सहकारी मित्रहो,

अशा प्रसंगी गोड बोलण्याचा रिवाज आहे. मला ते जमत नाही. घडलेलं तेवढं सांगतो.

आमचं काम आपण जाणताच. रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी काढायच्या, सावकाश गोठवायच्या आणि नायट्रोजनच्या टाकीत जपायच्या. मग रुग्णाला जबर औषध देतात. त्यात रोगाबरोबर रक्त तयार करणारी अस्थिमज्जाही नष्ट होते. तेव्हा त्याच्याच पेशी त्याला परत द्यायच्या. त्या मेलेल्या निघाल्या तर? परतीची वाट उरत नाही.

एकदा अशा पिशवीवर बाईंच्या मेहुण्यांचं, म्हणजे धाकट्या बहिणीच्या यजमानांचं नाव होतं. औषध सुरू होण्याआधी बाईंनी नेहमीप्रमाणे पिशवीसोबत गोठवलेली, त्याच पेशींच्या नमुन्याची कुपी वितळवून तपासली. बहुतेक साऱ्या पेशी मेलेल्या.

वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, “कुपी लवकर बिघडते. पिशवी चांगली असेल.”

“‘असेल’वर मी पिशवी देत नाही.”

पुन्हा पेशी काढायच्या, तर उपचार लांबणार. तेवढ्यात रोग उलटला तर? बहीण थेट प्रयोगशाळेच्या दारात आली.

“ताई, माझ्याच नवऱ्याच्या वेळी तुला शंका?”

“परक्याच्या वेळीही नाहीच म्हटलं असतं गं.”

“मला बहीण हवी होती. तू तपासनीस निघालीस!”

तिनं बोलणं टाकलं. इकडे रोगानं डोकं वर काढलं, औषधाची आणखी एक फेरी द्यावी लागली. अखेर पुरेशा पेशी मिळाल्या, गोठवल्या. या वेळची कुपी बाईंनी माझ्यापुढे ठेवली. “तुम्ही बघा. माझ्या डोळ्यांना आता हवं तेच दिसेल.”

मी पाहिलं. पेशी उत्तम होत्या.

जबर औषध देऊन झालं. पेशी द्यायच्या दिवशी पिशवी घेऊन बाई मेहुण्यांच्या खोलीशी गेल्या; मी सोबत होतो. दारात बहीण.

“जिवंत आहेत?”

“आहेत.”

ती बाजूला झाली. “ये आत. जेवलीस का?”

बाई न जेवताच आल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. त्या “हो” म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी दिलेला हा एकच खोटा अहवाल.

मेहुणे बरे झाले. दुसऱ्या रांगेतून माझ्याकडे डोळे वटारून बघताहेत, ते तेच.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. घरातली गोष्ट चारचौघांत काढली. बाई, रागवायचं तर उद्या रागवा. बाकी सभेनं माझं चुकलंमाकलं पोटात घालावं.