राहिलेली ओटी

एकादशीचा दिवस. कोल्हापूरची गाडी सुटायला अवकाश होता, म्हणून मिरज जंक्शनच्या बाकावर मी जप करत बसले होते. शेजारी हातकणंगल्याकडचे बहीणभाऊ. बहिणीला न्यायला तिचा नवरा बेळगावच्या गाडीनं यायचा होता.

“पिराजी, मला घरी घेऊन चल की.”

“आक्का, आबांनी दाजींना शबूद दिलाय. दाजींनी बी दिलाय, पुन्यांदा हात उचलनार न्हाय म्हणून.”

“दिवाळीला बी दिलता.”

“मग घरातच बोलायचं हुतंस. हितं जंक्शनात येऊन मला कशाला अडचणीत घालतीस?”

“आबांम्होरं कोण बोलतंय? तू बोलतोस? का आई बोलती?”

“डोळं पूस. गाडी येतीया. पदरातली ओटी सांभाळ, तांदूळ सांडतील.”

“सांडायला ओटी हाय कुठं?”

“म्हंजे?”

“आईनं भरलीच न्हाय.”

“गडबडीत इसरली असंल.”

“आई इसरंल? दारात आलेली शेजारीणसुदीक ती ओटीबिगर जाऊ देत न्हाय.”

“कुकू तरी लावलं?”

“न्हाय. नुसता तोंडावरनं हात फिरवला आणि आत गेली.”

“आबा हुतं तितं?”

“समोरच बसलंतं.”

“आबांम्होरं बी न्हाय भरली?”

“पिराजी, ती बघ गाडी. ह्ये दारातच हुबं हायत.”

“ऊठ. बॅग दे हिकडं.”

“पिराजी, नको रं…”

“जिना चढ. आपली कोल्हापूरची गाडी पल्याडच्या फलाटाला लागलीया.”

“आणि आबांना काय सांगायचं?”

“मी सांगतो. ओटी भरल्याबिगर लेक कशी धाडली, म्हणून इचारतोच त्यास्नी.”