काडी खोचलेलं शेण

माहं नाव सुभद्रा. माहेर गोंद्याकडचं, नदीच्या पल्याड, अन् सासर हे इकडं मध्यप्रदेशात, राजेगावच्या रस्त्यावर. लग्न होऊन आली तवा मले हिंदी येत नव्हती, आता अशी मिसळली का शिव्या कोणत्या भाषेत देऊन राह्यली ते मलेच कळत नाई. लिहा, शिव्याई लिहा. तुमीच म्हणल्या ना बाई, जसं बोलसान तसं लिहीन, मंग आता हात काहून थांबवता.

जमीन आमची नाई. आमचे हे मालगुजाराच्या घरी सालदार, नांगर-वखर, रोवणा, धानाचं सगळं त्याईच्या अंगावर, अन् मी त्याईच्या कोठ्यात शेणपुंजा करो. शेणपुंजा तुमाले मालूम नसंन, तुमी बालाघाटच्या. सकाळी ढोराईखालचं शेण काढाचं, मूत उपसाचं, कोठा झाडून साफ कराचा. याची मजुरी कोणी देत नसे. जे शेण निंघे त्यातलं अर्धं मालकाच्या उकिरड्यात अन् अर्धं माह्या टोपल्यात, हेच काय ते. माही सासू तसंच करे, तिची सासूई तसंच करत असंन. त्याच्या गोवऱ्या थापाच्या, पावसाच्या आधी ढीग झाकून ठेवाचा, सालभर चूल त्यावर. लोक म्हणतात इकडं जंगलच जंगल. जंगल लांजीकडं आहे, आमच्याकडं धानाचे बांध आहेत, अन् जंगलात गेलं तरी जंगलखात्याचा नाकेदार कुऱ्हाड हिसकून घेते. मंग शेणच ना जी. शेण आहे त भाकर आहे, शेण नाई त कच्चे तांदूळ खा.

दुसरं शेण आखरावरचं. आखर म्हंजे गावाबाहेरची मोकळी जागा, सकाळी सगळ्याईचे ढोरं तेथं जमा होतात अन् मंग ढोरकी त्याईले चाराले नेते. तेथं पडलेलं शेण जिनं पह्यले पाह्यलं तिचं. टोपलं भरलं असंन, कडेवर लेकरू असंन, उचलता येत नसंन, त त्या पोवात, शेणाच्या गोळ्यात, एक काडी खोचाची अन् घरी जायाचं. काडी खोचली का झालं. मंग कोणी हात लावत नाई. माही जाऊ, तिचं नाव नाई घेत मी, माह्या कोंबड्याईचे अंडे चोरे ते बाई, माह्यासंग तीन साल बोलली नाई, पण काडीच्या शेणाले तिनंई कधी हात लावला नाई. चोट्ट्याईलेई कळे एवढं.

मंग मालगुजाराचा पोरगा, छोटे मालक, जबलपुरात शिकून आले अन् गावात गॅस आला. गोबर गॅस. सरकारी जीप आली, गॅसवाला साहेब आला, मालगुजाराच्या आंगणात सगळ्याईले बसोलं, आमाले, गावकुसाबाहेरच्या टोल्यातल्या बायाईले, मांगं, कोठ्याजवळ. साहेब म्हणे शेणात आग आहे. म्हणलं हे आमाले काहून सांगता, आमची चूल का पाण्यावर पेटते? सगळ्या बाया हासल्या, अन् छोटे मालकानं असं पाह्यलं माह्याकडं का आमच्या ह्याईनं मान खाली घातली. साहेब म्हणे बायाईचे डोळे धुरानं खराब होतात, आता धूर नाई, राख नाई, फुंकनी नाई. तेथं कोणाचे डोळे पाहून सांगे बाप्पा तो? मालकीणबाईचे डोळे चांगले होते. धुरानं गेलेले डोळे मांगं बसले होते.

खड्डा आमच्या ह्याईनंच खोदला. विटांची टाकी बांधली, तिच्यावर लोखंडाचं मोठं झाकण पालथं घातलं, टाकीत शेणाचा काला ओतला का आतमधी गॅस होते अन् झाकण वर वर येते. नळी मालकीणबाईच्या रांधनीत, शेगडीपर्यंत. अन् खोटं काहून बोलू, मी खिडकीतून पाह्यली ते आच. निळी. आवाज नाई, धूर नाई, भगोणं खालून काळं नाई. मले तवा रडू आलं जी. मले वाटलं, मले असं एक पाह्यजे. माह्या सासूले पाह्यजे होतं, ते त आंधळी होऊन मेली.

तिसऱ्या का चवथ्या दिवशी मी टोपलं भरून निंघाली त मालकीणबाई दारात. म्हणे सुभद्रा, ते ठेव. म्हणलं काहून जी? म्हणे आता सगळं शेण टाकीले लागते, अन् तू रोज इकडं येतच आहेस त ते पाण्यात कालवून टाकीतई ओतत जाय. म्हणलं मंग मी घरी काय नेऊ? तिनं लई विचार केला, अन् म्हणे टाकीतून जे राड बाहेर येते ते ने, साहेब म्हणत होते धानाले चांगलं खत आहे. माह्याजवळ वावर नाई अन् हे बाई मले खत देऊन राह्यली! ते का मी अंगाले लावू? मी टोपलं तेथंच उलटं केलं, तिच्या पायरीवर. हौ, पायरीवर. घरी आमचे हे लई बोलले. म्हणे सालदारकी जाईन. म्हणलं जाऊ द्या.

माहं वागणं पाहून दुसरी बाई लावली कोठ्यात, तिच्या घरी चार तोंडं होते, तिले दोष नाई देत. मी आखरावर जाऊ लागली. पण टाकीचं पोट भरे ना. उन्हाळ्यात ढोरं दिवसभर बाहेर, शेण बाहेर, कोठ्यात का राहीन? झाकण खाली बसलं, आच बारीक झाली. त छोटे मालकानं दवंडी देल्ली का आमच्या ढोराईचं शेण आमचं, मंग ते कोठंई पडो. आता सांगा, पोवावर नाव राह्यते का कोणाचं? ढोरकी विचारे का मालक, मी कसा ओळखू, त म्हणे तुले ओळखाले लागंन. गावची अर्धी ढोरं त्याईचीच, मंग का ओळखाचं, सगळंच नेऊ लागले.

त्या दिवशी मी आखरावर होती. चांगला मोठा पोव पडला, टोपलं भरलं होतं, म्हणून काडी खोचली अन् वळली. अन् पाहतो त छोटे मालक खुद्द येऊन राह्यले, पांढरा पायजमा, मांगून त्याईचा माणूस बादली घेऊन. तो माणूस काडी पाहून थांबला. आमच्याच गावचा तो. म्हणे मालक, काडी आहे. छोटे मालक वाकले, दोन बोटाईनं काडी उपटली अन् फेकून देल्ली. म्हणे आता कोठं आहे काडी?

काय सांगू तुमाले बाई, आखरावर तवा पंधरा-वीस बाया असतीन. माही जाऊई होती. मी छोटे मालकाच्या अंगावर गेली, टोपल्यातलं शेण हातानं भरभरून फेकलं, पायजम्यावर, छातीवर, जेवढं होतं तेवढं. म्हणलं घे, तुहंच आहे ना सगळं, घे. मले कोणी आवरलं नाई. त्याचा माणूस बादली धरून उभाच.

आमच्या ह्याईले त्याच सांजी काढून देल्लं. पण दुसऱ्या दिवशी त्याईच्या कोठ्यात शेणपुंजा कराले कोणी गेली नाई. ते चार तोंडंवाली बाईई नाई गेली. माही जाऊ, जे तवा माह्यासंग बोलत नसे, तेच घरोघर फिरली, का ज्यानं काडी उपटली त्याच्या शेणाले हात लावाचा नाई. अजून मले तिनं सांगतलं नाई का मी फिरलती, दुसऱ्याईकडून मालूम पडलं. अंडे अजूनई चोरते.

मालकीणबाईनं काई दिवस सोता कालवलं म्हणतात. मंग नाई कालवलं. टाकी वाळली, झाकणाले जंग लागला, आता त्यात बेडूक राह्यतात. ढोरं छोटे मालकानं विकून टाकले, ट्रॅक्टर आणला, म्हंजे मले कोठ्यातलंई शेण नाई अन् आखरावरचंई निम्मं झालं. मी जितली म्हणून नका लिहू. आमचे हे वारासिवनीले राइस मिलमधी पोते उचलतात, घरी आले का रातभर खोकलतात, भुश्श्यानं. अन् चूल मी धानाच्या तणसावर पेटवतो, भकभक जळते अन् वरण कच्चंच. धूर त पह्यलेपेक्षा जास्त. डावा डोळा गेला माहा, हे पाहा. कोणी म्हणते आता माफ कर, छोटे मालकाचेई केस पिकले. पिको. माह्या तोंडून त्याले भलं व्हो असं निंघत नाई, अन् निंघालं त ते खोटं असंन.

परवा जीप परत आली. तोच साहेब, जाडा झाला. आमच्या टोल्यातल्या विहाराच्या आंगणात पेटी मांडली, आतून काळी, झाकणाले आरसा. सूरज चूल्हा म्हणे. उन्हात ठेवा, भात शिजते, धूर नाई, शेण नाई. छोटे मालक बाजूले उभे. मी इचारलं, साहेब, ऊन कोणाचं? तो म्हणे बाई, ऊन त सगळ्याईचं. म्हणलं आखरई सगळ्याईचा होता.

मंग मी घरी गेली, आंगण झाडाच्या बाहारीतली एक काडी काढली, अन् येऊन त्या पेटीसमोर, जेथं ऊन पडलं होतं, तेथं मातीत खोचली. साहेब लई हासला, टोल्यातले पोट्टेई हासले.

छोटे मालक नाई हासले.