घुबडांच्या घळीत बर्नार्ड या नावाने मारलेल्या हाकांबाबत

मी, झ्लात्का मानोलोवा चाउशेवा, वय ६२ वर्षे, धंदा किराणा दुकान व चहापाणी, राहणार मौजे गोर्ना लिपा, चौकातील दगडी घर, आज रोजी पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून विचारल्याप्रमाणे सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती वारले आहेत. दर गुरुवारी गावच्या वाचनगृहात देसिस्लावा बाई आम्हा सहा जणींना इंग्रजी शिकवतात. आमच्याकडे इंग्रज पाहुणे येऊ लागल्यापासून ही शिकवणी चालू आहे. बाई दोन-दोन शब्द जोडीने देतात. सारखे वाटणारे पण सारखे नसलेले. 'बॉरो' आणि 'लेंड', 'शेड' आणि 'शॅडो', असे. मागच्या गुरुवारी 'अलोन' आणि 'लोनली' झाले. एक म्हणजे माणूस एकटा असणे आणि दुसरे म्हणजे एकटेपणा सलणे. दोन्ही शब्द मी पाठ केले होते, पण कोणता कुठला ते दुसऱ्या दिवशी डोक्यात उलटसुलट झाले, हे खरे आहे.

दिनांक १७ ऑक्टोबर, शुक्रवार रोजी सकाळी श्रीमती विनिफ्रेड हॅलम, वय अंदाजे ७०, या इंग्रज बाई माझ्या दुकानात आल्या. त्या आदल्या संध्याकाळी गावात उतरल्या होत्या. मी त्यांना डोंगरी चहा दिला. त्या एकट्याच आल्यात का, हे मला विचारायचे होते. मी विचारले, "यू लोनली?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "येस. नाऊ, येस." नंतर त्यांनी घुबडांच्या घळीकडे बोट दाखवले आणि बरेच काही बोलल्या. त्यातले मला समजले ते असे: लेट हजबंड, चालणे, तिकडे वर. मी नाव विचारले. त्यांनी बर्नार्ड असे सांगितले. त्यांचे डोळे भरून आले होते. चहा अर्धा ठेवून त्या खोलीवर निघून गेल्या.

'लेट' म्हणजे उशीर, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवले आहे. बस लेट, पाव लेट. नवरा लेट म्हटल्यावर मी असे समजले की हॅलमबाईंचे यजमान घळीत फिरायला गेले आणि परत आले नाहीत. रात्री वर दहिवर पडते आणि पाणी गोठते. म्हणून मी ११२ वर फोन करून, एक परदेशी गृहस्थ घळीत बेपत्ता आहेत, असे कळवले. फोन मी केला. हॅलमबाईंनी केला नाही, त्यांनी करायलाही सांगितले नाही. त्यांच्यावर खोट्या खबरीचा ठपका ठेवायचा विचार चालू आहे असे ऐकले, म्हणून हे वेगळे सांगते.

फोननंतर मी चर्चची घंटा वाजवली. गावातील चाळीसेक माणसे जमली. घंटा ऐकून हॅलमबाईही बाहेर आल्या. कुणीतरी त्यांना "मॅन, मिसिंग" एवढे सांगितले. त्यांनी लगेच बूट बदलले, हातात काठी घेतली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागल्या. नवरा हरवलेली बाई इतकी धीराची कशी, असे आम्ही आपसात बोललो. आमच्या शिकवणीतल्या निकोलिनाने तर म्हटले, "माझा हरवला असता तर मी आधी जेवून निघाले असते." त्यावर लोक हसले. हॅलमबाईही हसल्या, पण त्यांना काय समजले ते माहीत नाही.

श्री. स्पास युरुकोव, वय ६६, धंदा मधमाश्या पाळणे, हे घळीच्या वरच्या अंगाला झोपडीत राहतात, त्यांच्याबाबत मला विचारण्यात आले. ते दर बुधवारी दुकानात येतात. त्या बुधवारी आले नव्हते. मी त्यांची वाट पाहत नव्हते. त्यांचा पाव फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला होता, कारण तसा ठेवायची सवय आहे. आमचे बोलणे काही वर्षांपासून बंद आहे. का बंद आहे ते त्यांना विचारावे. ते आले नाहीत हे मी कुणालाही सांगितले नाही, कारण कुणी विचारले नाही.

घळीच्या तोंडाशी पोहोचल्यावर आम्ही पांगलो आणि "बर्नार्ड" अशा हाका मारू लागलो. लांबून ते "बेरनार ओ" असे ऐकू येत होते आणि समोरच्या कड्यावरून परत येत होते. हॅलमबाई जागच्या जागी थांबल्या. त्यांनी माझा दंड धरला व "व्हाय बर्नार्ड?" असे विचारले. मी त्यांचा हात थोपटला.

इतक्यात शहरातून डोंगर-बचाव पथक आले. त्यांच्या गाडीत देसिस्लावा बाई होत्या. पथकाचे प्रमुख बाईंना म्हणाले, "विचारा, नवरा निघाला कधी?" बाईंनी विचारले. हॅलमबाईंनी उत्तर दिले. बाईंनी पुन्हा विचारले. मग त्या आमच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "चार वर्षं झाली. मार्चमध्ये. अहो झ्लात्काकाकू, माणूस वारला की त्यालाही लेटच म्हणतात."

सगळे गप्प झाले. प्रमुखांनी टोपी काढली, ती आदराने की रागाने ते सांगता येत नाही. मी खाली बघत होते.

आम्ही गप्प झालो म्हणूनच खालून आवाज ऐकू आला. तोपर्यंत आमच्या आरडाओरड्यात तो बुडत होता. बारीक आवाज होता, पण शब्द स्पष्ट होते. "मी बेरनार नाही. पण कुणीतरी वर काढा." आवाज कुणाचा हे मी सर्वांच्या आधी ओळखले. तसे मी ओरडून सांगितले. कोणत्या शब्दांत सांगितले ते आठवत नाही.

श्री. युरुकोव हे बुधवारी दुकानाकडे येताना पाय घसरून खालच्या खबदाडात पडले होते. उजवी तंगडी मोडली होती. कपारीतले पाणी चाटून त्यांनी दिवस काढले. आणखी एक रात्र निघाली नसती, असे पथकातील डॉक्टरांनी सांगितले. पथकाच्या लोकांनी दोर लावून त्यांना वर घेतले. मी तेथे जवळच होते.

त्यांच्या व माझ्या दरम्यान खालीलप्रमाणे बोलणे झाले. ते म्हणाले, "माझा पाव ठेवलास का गं?" मी म्हटले, "ठेवला होता. वाळून दगड झालाय." ते म्हणाले, "भिजवून खाईन." मी म्हटले, "खाली डोकं कर, दोर लागेल." यानंतरही ते बोलले. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

स्ट्रेचर गाडीत ठेवल्यावर हॅलमबाई देसिस्लावा बाईंशी बोलल्या. बाईंनी ते आम्हाला सांगितले. हॅलमबाईंच्या गावी लोक भले आहेत. हॅलमबाईंना वाईट वाटेल म्हणून गेली चार वर्षे त्यांच्यासमोर बर्नार्ड हे नाव कुणी काढत नाही. दोघे तरुणपणी येथे आले होते, तेव्हा बर्नार्ड याच कड्यावर उभे राहून स्वतःचेच नाव ओरडले होते आणि कड्याने ओ दिली म्हणून खूश झाले होते. हॅलमबाईंची विनंती अशी होती की गावाने ते नाव आणखी एकदा घ्यावे.

त्यावरून आम्ही सर्वांनी पुन्हा हाक मारली. पथकाच्या लोकांनीही मारली. प्रमुखांचा आवाज सर्वांत मोठा होता. गाडीच्या आतून श्री. युरुकोव यांनीही मारली. हॅलमबाई काठीला टेकून हसत होत्या आणि चेहरा पुसत होत्या. त्या दिवशी गावात कुणी कामाला गेले नाही. घेवड्याचे सूप, बटाट्याची पोळी आणि राकिया दारू असे सगळे चौकातच झाले.

हॅलमबाईंची कुणाविरुद्ध तक्रार नाही. त्यांनी परतीचे तिकीट पुढे ढकलले असून या गुरुवारी शिकवणीला त्या स्वतः आल्या होत्या. त्यांना आमची भाषा शिकायची आहे. पथकाला माझ्या चुकीच्या खबरीमुळे यावे लागले, त्याबाबत जो काही दंड असेल तो मला करावा. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा फोन करीन, हेही लिहून घ्यावे.

श्री. युरुकोव यांचा जबाब घ्यायचा असल्यास झोपडीवर जाऊ नये. पाय प्लास्टरमध्ये असल्याने ते सध्या माझ्या पत्त्यावर राहतात. मधमाश्यांच्या पेट्याही परवा परसात आणून ठेवल्या आहेत.

हा जबाब इन्स्पेक्टर ग्रोझ्दानोव यांनी मला सावकाश वाचून दाखवला. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात "पाहुणे म्हणून राहतात" असे लिहिले होते. त्यातील "पाहुणे म्हणून" हे शब्द मी खोडायला सांगितले. त्याजागी काय लिहू, असे त्यांनी विचारले. काही लिहू नका, नुसते "राहतात" ठेवा, असे मी सांगितले. त्याप्रमाणे दुरुस्ती झाली असून बाकी सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.

सही/-
झ्लात्का चाउशेवा