मंदाताईंचा बाजाराचा तास

मंडळी,

आधी एक तक्रार नोंदवून घ्या. कोणाचं लग्न असो, बारसं असो, नव्या ट्रॅक्टरची पूजा असो, संस्कृतच्या प्राध्यापकाची कोणाला आठवण होत नाही. माणूस गेलं की मात्र फोन येतो. सर, दोन शब्द बोला, आणि एखादा श्लोक टाका. टाका, म्हणे. भाजीत मीठ टाकावं तसा. आमच्याकडे पावसावर श्लोक आहेत, हत्तीवर आहेत, विरहावर तर पोत्यांनी आहेत. पण मला आयुष्यभर एकाच मालाची मागणी आली. या प्रथेचा मी अत्यंत गांभीर्यानं निषेध करतो.

आज श्लोक म्हणणार नाही. मंदाताईंनीच बंदी घातली होती. दहा वर्षांपूर्वी मी अमरावतीहून या उपकेंद्रात बदलून आलो. पहिल्याच दिवशी स्वागताला उत्तर म्हणून एक श्लोक म्हटला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, चांगला हाय. पण पोरं श्लोकानं येत नाईत, येष्टीनं येतात. उद्यापासून येष्टीचं पाहा."

माझं आडनाव शास्त्री नाही, हे इथल्या निम्म्या लोकांना आजही माहीत नाही.

बोलायला उभं राहणं जड जातंय, हे खरं आहे. या सभागृहात मी पुष्कळ बोललो. पण त्या मागच्या दारात उभ्या असायच्या, आणि मी लांबलो की मनगटाकडे बोट दाखवायच्या. आज दारात कोणी नाही. त्यामुळे कुठं थांबायचं ते माझं मलाच ठरवावं लागेल. सांभाळून घ्या.

डॉ. मंदाताई वानखडे. भूगोलाच्या प्राध्यापक, विद्यापीठाच्या या दर्यापूर उपकेंद्राच्या संचालक. गेल्या रविवारी अकोल्याला, स्वतःच्या घरी, सकाळचा चहा झाल्यावर गेल्या. त्यांचे यजमान प्रभाकरभाऊ समोर बसले आहेत. काल ते मला सांगत होते की रविवारीही त्या इथल्या शिपायाला फोन करून टाकी भरली का ते विचारायच्या. त्या रविवारीही विचारलं होतं. टाकी भरली होती, भाऊ. वाहूनही गेली होती.

मंडळी, उपकेंद्र चालवणं म्हणजे काय, हे अमरावतीहून आलेल्या मान्यवरांना सांगायला हवं. ते आज पाहुणे आहेत, उठून जाऊ शकत नाहीत. उपकेंद्र म्हणजे विद्यापीठाची लग्न करून दिलेली लेक. सणाला आठवण येते, आणि आहेर जुना येतो. इथले संगणक मुख्य परिसरातून निवृत्त होऊन येतात. एकदा परिपत्रक आलं की देखभालीच्या कारणास्तव पोहण्याचा तलाव पंधरवडाभर बंद राहील. इथं तलाव नाही. प्यायच्या पाण्याचे वांधे. मंदाताईंनी ते परिपत्रक सूचनाफलकावर लावलं. खाली लिहिलं, आपल्याकडेही बंदच आहे, विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी.

संगणकावरच्या बैठकांचं तर काय सांगावं. एकदा ऐन बैठकीत इथलं नेटवर्क गेलं. पडद्यावर ताईंचा चेहरा हसरा गोठला आणि बैठक संपेपर्यंत तसाच राहिला. तिकडे तीन ठराव झाले. तीनही ठरावांना दर्यापूरची प्रसन्न संमती होती.

हसा, हसा. त्यांना आवडलं असतं.

पण एक गोष्ट त्यांनी हसण्यावारी कधी नेली नाही. त्या म्हणायच्या, हे केंद्र बंद पडलं तर पोरांचं फार बिघडणार नाही. ते अमरावतीला जातील, अकोल्याला जातील, चौघं मिळून खोली करतील. पोरी कुठं जातील? पोरी घरी बसतील. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की त्यांनी सुरुवात केली की शेवट मी करायचो. पोरी घरी बसतील. एवढ्या एका वाक्यासाठी हे केंद्र होतं. बाकी सगळं, अभ्यासक्रम, मूल्यांकन, वृक्षारोपण, त्याच्यानंतर.

आता बाजाराचं सांगतो.

पूनम नावाची विद्यार्थिनी होती. जवळच्याच खेड्यातली. घरचा भाजीचा मळा. हुशार. दिवाळीनंतर यायची बंद झाली. आम्ही काय करतो? फोन करतो, पत्र पाठवतो, हजेरीत शून्य मांडतो. मंदाताई बाजाराच्या दिवशी उठल्या, पिशवी घेतली आणि मलाही म्हणाल्या, चला. मला वाटलं भाजी धरायला नेताहेत. पूनमची आई अनसूयाबाई वांग्यांचं दुकान मांडून बसली होती. अनसूयाबाई, तुम्ही समोर आहात, चुकलं तर सांगा. तुम्ही तशाही सांगाल.

ताई तिच्याजवळ पोत्यावर बसल्या. पोरीचं नाव काढायच्या आधी वांग्यांची चौकशी झाली, मळ्यातल्या मोटारीची झाली, कोणाच्या तरी गुडघ्याची झाली. मग विचारलं, पूनम काहून येत नाही. अनसूयाबाईनं वांगी पुसता पुसता उत्तर दिलं. ते मला शब्दाला शब्द आठवतं.

"पोरगी घरून जाते, थे मले दिसते. सांजच्याले येते, थे दिसते. मधात काय करते, थे काई दिसत नाई. लोकं इचारतात. काय सांगू?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्याकडे स्त्रीशिक्षणावर तयार व्याख्यान होतं. ताईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. म्हणाल्या, "मंग चाल, पाहून घे."

"आन् दुकान कोन पाहीन?"

"शास्त्रीबुवा पाहतीन."

मंडळी, मी विद्यावाचस्पती आहे. सात वर्षं प्रबंध लिहिला. त्या दिवशी दुपारी मी दर्यापूरच्या बाजारात वांगी विकली. तराजू उचलला की पारडं माझ्या नाकाला लागायचं. एका म्हातारबाबानं मला विचारलं, काटेरी हायेत का. मी सांगितलं, बघावं लागेल. तो म्हणाला, "तू नवा हायस का बापू?" मी हो म्हटलं. ते खरंच होतं.

तासाभरानं अनसूयाबाई परतली. मागच्या बाकावर बसून तिनं पूर्ण तास ऐकला होता. गल्ला पाहिला, वांगी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, शिकवणं बरं हाय, पोट्टी उद्यापासून येईन. पण थो मास्तर लय हळू बोलते, मागं काईच आयकू येत नाई. तो मास्तर आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. तेव्हापासून तो मोठ्यानं बोलतो. विद्यापीठाच्या कोणत्याही मूल्यांकन समितीला जे जमलं नव्हतं ते झालं.

पुढच्या बाजाराला तिनं आणखी तिघींना आणलं. मग मेथीवाली आली, मिरचीवाली आली, एकीची सासू आली. कुठल्याशा पोरीचा बाप आला, तो दारातच उभा राहिला, पण राहिला. असा बाजाराचा तास सुरू झाला. त्या दिवशी वर्गाचे मागचे दोन बाक आईबापांचे. पिशव्या ग्रंथालयात ठेवायच्या. आणि ज्या प्राध्यापकाला तास नाही त्यानं बाजारात दुकान सांभाळायचं. इतिहासाकडे मेथी, अर्थशास्त्राकडे मिरची. अर्थशास्त्राचं दुकान कायम तोट्यात. वांगी माझ्याकडेच राहिली, कारण आता मला काटेरी ओळखू यायची.

आणि मग समिती आली.

मुख्य परिसरात विचार चालला होता की विद्यार्थीसंख्या कमी असलेली उपकेंद्रं मिटवून टाकावीत. पाहणीला समिती न कळवता येणार होती. आली ती नेमकी बाजाराच्या दिवशी. अध्यक्षांचं नाव घेत नाही. ते निवृत्त झालेत आणि अजूनही वांगी खातात. वाटेत बाजार दिसला, त्यांनी गाडी थांबवली. माझ्यापुढे बसून अर्धा टोपला उलटापालटा केला. घासाघीस केली. शेवटी वर कोथिंबीर मागितली. मी म्हटलं, कोथिंबीर इतिहासाकडे आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असेल, माणूस उन्हानं गेला.

थोड्या वेळानं निरोप आला, समिती आली, धावत या. मी हात झटकून धावलो. संचालकांच्या खोलीत शिरलो, तर ताई माझी ओळख करून देत होत्या, हे आमचे संस्कृत विभागप्रमुख. अध्यक्षांच्या पायाशी माझ्याच वांग्यांची पिशवी.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे.

अध्यक्षांनी विचारलं, मॅडम, हे काय चाललंय. सोपा प्रश्न नव्हता. तिथं केंद्र उभं राहणार होतं किंवा पडणार होतं. ताई सारवासारव करू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, सर, सांगून समजणार नाही, वर्गात बसा. पुढे जागा नव्हती. अध्यक्षांना मागच्या बाकावर बसावं लागलं, अनसूयाबाईच्या शेजारी. मी दारात उभा होतो, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलं.

अनसूयाबाईनं सरकून जागा दिली आणि हळूच विचारलं, "तुमची कोन्ती?"

अध्यक्ष गोंधळले. म्हणाले, माझी मुलगी इथं नाही, पुण्याला शिकते.

"मंग तिचा वर्ग पायला का तुमी?"

ते म्हणाले, नाही.

"पाहून घ्या एखांद्या वेळेस," ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली. अध्यक्षही वळले. तास संपेपर्यंत उठले नाहीत.

केंद्र राहिलं. अहवालात एक शेरा मात्र होता, की कामाच्या वेळेत प्राध्यापकांनी भाजीविक्री करू नये. ताईंनी तो शेरा आदरपूर्वक मान्य केला. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात बाजाराच्या दिवशी दुपारी एक नवी नोंद आली. विस्तारकार्य.

हे सगळं हसण्यासारखं आहे, आणि मी हसवण्यासाठीच सांगितलं. पण या सगळ्यात ताई नेमकं काय करत होत्या, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तास, बाक, दुकानं, ही सगळी वरची मांडणी. आठवड्यातले पाच दिवस त्या इथं राहायच्या. बाजारापलीकडच्या गल्लीत, दोन खोल्यांत. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायच्या. येणारीजाणारी बाई दोन मिनिटं टेकायची. कोणाच्या घरी दुखणं आहे, कोणाच्या पोरीला बघायला पाहुणे येणार आहेत, कोणाच्या मोठ्या भावानं काय कुरकुर केली, हे त्यांना मुख्य परिसराच्या परिपत्रकाआधी कळायचं. आणि कळलं की पोरगी यायची बंद होण्याआधीच त्या त्या घरी चहाला बसलेल्या असायच्या. प्रभाकरभाऊ, ते पाच दिवस तुम्ही दिलेत. तुमचं नाव कुठल्याच वेळापत्रकात नव्हतं. आज इतक्या लोकांसमोर तुम्हाला नमस्कार करतो.

सोमवारपासून या केंद्राचा कार्यभार माझ्याकडे आहे. तसा आदेश निघाला आहे. काही जणांनी अभिनंदन केलं, ते करू नये.

आज सभेआधी अनसूयाबाई भेटल्या. पूनम आता शिक्षिका आहे. धाकटी, वैशाली, यंदा पहिल्या वर्षाला आहे. त्यांनी मला विचारलं, आता कोन हाय सर तिथं? मी म्हटलं, मी आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. अनसूयाबाई, तुम्ही अध्यक्षांना बोललात, मास्तरांना बोललात, माझ्या तराजूला तर काय काय बोललात. आज मला काहीच बोलला नाहीत.

आता आपण उभे राहू. मंदाताईंसाठी काही वेळ कोणीच काही बोलू नये, म्हणजे माझ्यासकट. त्याआधी जे आहे ते सांगून टाकतो. मला समितीची भीती नाही. इमारतीची, निधीची, नेटवर्कची नाही. ते सगळं निभावतं. मी साडेपाचच्या येष्टीनं अमरावतीला परत जाणारा माणूस आहे. घर तिथं आहे, आई अंथरुणाला आहे, ते बदलता येणार नाही. या आयांनी पोरी विद्यापीठाच्या भरवशावर पाठवल्या नव्हत्या, ताईंच्या भरवशावर पाठवल्या होत्या. परवा बाजार आहे. मी दुकानापाशी जाईन, पोत्यावर बसेन, चाल म्हणेन. त्या उठतील की नाही, मला माहीत नाही. मला त्याचीच भीती वाटते.

उभे राहू या.