सुंदराला दिलेल्या गोळ्यांबाबत

मी, भाईदास उखा बोरसे, वय ५३, धंदा लूम फिटर, शिक्षण सातवी, राहणार पर्वत पाटियाजवळ, सुरत, समक्ष हजर राहून सांगतो की,

शेजारी हिलाल महाजन यांची पत्नी सुंदरा, वय ३१, हिच्या गालात विजेसारखी कळ जात होती. माझी पत्नी सरलाबाई हिला फिटची गोळी चालू आहे. त्या खोक्यातला इंग्रजी कागद मी डिक्शनरी घेऊन स्वतः वाचलेला आहे. गालाच्या शिरेच्या कळेलाही तीच गोळी, असे त्यात आहे व ते खरे आहे. ४ तारखेपासून रोज दोन गोळ्या मी दिल्या. कळ थांबली. कागदाची मागची बाजू मी वाचली नव्हती.

१६ तारखेला तिला ताप आला, डोळे लाल झाले. हिलालने कोपऱ्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शन देववले. १७ ला सकाळी अंगावर लाल चट्टे, ओठांवर फोड. सासू प्रमिलाबाई म्हणाल्या, "माता निंघनी शे. आते गोया-औषध बंद. लिमना पाला आना." आमच्याकडे माता, म्हणजे गोवर-कांजिण्या, आली की औषध देत नाहीत, कडुलिंबाचा पाला अंथरतात. मी म्हणालो, "मावशी, पाला खुशाल टाका, गोळी चालूच राहील. कोणत्या सालात राहता तुम्ही?" सुंदरा हसली. ओठ फुटले होते, तरी हसली. गोळी आणखी तीन दिवस चालली.

२० तारखेला सकाळी पावणेबाराला मोठ्या दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी पाठीवर अंगठा फिरवला, तशी कातडी सरकली. महिनाभरातली सगळी औषधे त्यांनी विचारली. हिलालने इंजेक्शन सांगितले. गोळ्या भाईदासभाऊने दिलेल्या, म्हणून त्याने त्या औषधात धरल्याच नाहीत. मी तिथेच उभा होतो. गोळीचे नाव मी दीड वाजता सांगितले. मधल्या पावणेदोन तासांचे कारण मला सांगता येत नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे त्या गोळीचंच आहे. ती बंद करणं हाच पहिला उपचार. जितक्या लवकर, तितकी आशा."

सुंदरा जळीत वॉर्डात आहे. केळीच्या पानांवर निजवतात, नळीने अन्न देतात. जीव वाचेल, डोळ्यांचे आताच सांगता येत नाही, असे डॉक्टरबाईंकडून कळले. हिलालची तक्रार इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांवर आहे. त्यांचा यात दोष नाही.

प्रमिलाबाईंना मी सर्व सांगितले आहे. तरी काल वॉर्डाबाहेर त्यांनी डोळ्यांच्या थेंबांची नवी बाटली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "भाईदास, वाची सांग ना भो, हाई चाली का तिले?" मी ती वाचली नाही. सिस्टरांकडे नेऊन दिली.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी तारखा मी दुरुस्त करून घेतल्या. आता तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.